चौकटीच्या कडेची पांढरी बाही

टीव्हीवर माणसं फुगलेली दिसली की माझं डोकं फिरतं. मी शाळेत भूगोल शिकवते. नकाशा एका बाजूने ताणला की त्यावरची सगळी अंतरं खोटी होतात, हे वर्गात घसा फोडून सांगायचं आणि घरी यावं तर बातम्या देणारी बाई गालफुगी झालेली. लोकांना हे दिसत कसं नाही, मला कळत नाही. पडदा काठोकाठ भरला की त्यांचं समाधान होतं. आमच्या घरातही तेच. मी चित्र सरळ करून स्वयंपाकघरात जावं, तोवर कुणीतरी ते पुन्हा ताणून ठेवलेलं असायचं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले आणि आई सिडकोतलं घर सोडून इथेच संभाजीनगरात माझ्याकडे राहायला आली. येताना तिने फारसं काही आणलं नाही. लुगडी, अण्णांचा चष्मा, आणि ताईच्या लग्नाची डीव्हीडी. डीव्हीडीच्या वेष्टनावर बदामाच्या आकारात ताई आणि भावजी, खाली गुलाबाच्या पाकळ्या. ती चकती आई साडीच्या घडीत ठेवायची आणि बघायच्या आधी पदराने गोल गोल पुसायची. तशी पुसू नकोस, मधून बाहेरच्या बाजूला सरळ पूस, गोल पुसलं की ओरखडे पडतात, असं मी कितीदा सांगितलं. तिचं म्हणणं, ताट पुसायला ती माझ्याकडून शिकणार नाही.

अण्णांना फोटोची भारी अडचण. कुणी मोबाईल वर केला की ते चप्पल शोधायला लागायचे. त्यामुळे ते गेल्यावर लक्षात आलं की भिंतीवर लावायलासुद्धा धड फोटो नाही. जो लावला तो ओळखपत्रावरचा मोठा केलेला, त्यात ते पकडून आणल्यासारखे दिसतात. अण्णा चालताना, बोलताना, वाकून कुणाच्या तरी पाया पडताना दिसतात ते फक्त त्या डीव्हीडीत. आईला ती बघायची होती ती त्यासाठीच.

"एवढा मोठा टीव्ही घेतलाय तुम्ही," ती म्हणाली. "त्याच्यात ह्यांचं तोंड नीट दिसंल का बघ बरं. मला लई अंधुक दिसायलंय."

डोळे तिचे उत्तम होते, ऑपरेशन होऊन गेलेलं. अंधुक होतं ते चित्रच.

पण या डीव्हीडीत आमच्या घरातलं एक जुनं भांडणही होतं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

ताईचं लग्न आमच्या गावी, देवगाव रंगारीला झालं. शाळेच्या पटांगणात मांडव. आमच्याकडे मुलीची आई मंगलाष्टकं बघत नाही. बाहेर लेकीवर अक्षता पडतात तेव्हा आईने आत बसून तुळशीला पाणी घालत राहायचं. म्हणून शाळेचा पाचवीचा वर्ग मोकळा करून घेतला, बाकं एकावर एक रचली आणि मधोमध तुळस ठेवली, तीही तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावलेली. आई तांब्या घेऊन तिथे बसली. मांडवाच्या बाजूला त्या वर्गाची एक खिडकी होती. मोह नको म्हणून आईने ती आतून लावून घेतली. हे ती पुढे अभिमानाने सांगायची. "दुसऱ्या बाया फटीतून बघत्यात. मी खिडकीच लावून घेतली व्हती."

म्हणजे स्वतःच्या लेकीचं लग्न आईने पाहिलं ते थेट डीव्हीडीतच. आमच्या सिडकोतल्या घरी तेव्हा तो मागे पोट सुटलेला जुना टीव्ही होता. लग्नानंतर चकती आली, शेजारपाजारच्या बायका जमल्या, चहा झाला, आणि मंगलाष्टकांची वेळ आली तशी आई पुढे सरकून बसली. अंतरपाट होता, ताईच्या मागे मामा होते, करवली म्हणून मी होते, हातात कलश आणि चेहऱ्यावर बावळट भाव. सगळे होते. अण्णा नव्हते.

"तुम्ही कुठं व्हता?" आईने विचारलं.

"तिथंच व्हतो की," अण्णा म्हणाले.

"मग दिसंनात का?"

आता मुहूर्ताच्या जरा आधी अण्णा आचाऱ्याकडे गेले होते, हे सगळ्यांना माहीत होतं. पुऱ्यांचं तेल संपत आलं होतं आणि त्यावरून तिकडे आवाज चढले होते. चुलत्यांनी त्यांना चुलाणाजवळ पाहिलं होतं. परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मी ताईच्या मागे उभी, माझं सगळं लक्ष कलशावरचा नारळ पडू नये यात. ताईला विचारलं तर ती म्हणाली, मला अंतरपाटाशिवाय काय दिसणार होतं. आणि चित्रात तर अण्णा नव्हतेच. त्यामुळे निकाल लागला. पोरीच्या अक्षता पडत होत्या आणि बाप तेलासाठी भांडत होता.

आईने हे कधी रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर एकदा कडाक्याचं भांडण होऊन विषय मिटला असता. ती सहज म्हणायची. कुणाच्या लग्नाला गेलो की, पाहुण्यांना ताईचं लग्न दाखवताना, कधी भाजी निवडता निवडता. "मला तर बघताच येत नव्हतं, रीतच तशी. ह्यांना बघता येत व्हतं, तर हे गेले पुऱ्या मोजायला." सगळे हसायचे. मीही हसायचे. अण्णाही सुरुवातीला हसायचे.

त्या प्रसंगाच्या चित्रात डाव्या कडेला एक पांढरी बाही दिसायची. फक्त बाही, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पुढे मिटलेली मूठ. सावधान झालं की सगळे अक्षता उधळत होते आणि ही मूठ काही उघडत नव्हती. त्या बाहीची आम्ही फार टिंगल केली. "कोण हाय हा चिकट माणूस," आई म्हणायची, "तांदूळ घरी नेऊन भात करणार दिसतोय." एकदा अण्णा उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले. वाकून, चष्मा वर करून त्यांनी ती बाही बघितली. म्हणाले, "हा मीच असंन."

आम्ही इतक्या हसलो की ताईला चहाचा ठसका लागला. आई म्हणाली, "आता बाही पण चोरा दुसऱ्याची."

मांडवात पांढरा सदरा घातलेली निम्मी माणसं होती. त्यानंतर मात्र डीव्हीडी लागली की अण्णा गॅलरीत जायचे, कुंड्यांना पाणी घालायचे किंवा वर्तमानपत्राची कालचीच पुरवणी उघडून बसायचे. मला ते तेव्हाही दिसत होतं. त्यांना कंटाळा येत असेल, असं मला वाटायचं.

असो. तर मी चित्राच्या मागे लागले.

पहिली अडचण वायरींची. आमच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरला पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या टोकांच्या तीन वायरी, आणि नव्या टीव्हीला त्या खुपसायला जागाच नाही. औरंगपुऱ्याच्या बाजारात गेले. गाडी लावायला जागा शोधण्यातच अर्धा जीव गेला. दुकानदार म्हणाला, "अब डीव्हीडी कौन देखता मॅडम, पेनड्राइव्ह में डाल के लेव ना." ते मी आधी करून बसले होते. पेनड्राइव्हवर घेताना कुणीतरी चित्र इतकं दाबून बसवलं होतं की अण्णांच्या तोंडाचे चौकोन झाले होते. शेवटी त्याने वरच्या फळीवरून धुळीने माखलेला एक प्लेअर काढला, त्याला एचडीएमआयचं भोक होतं. वर सोनेरी टोकांची महागडी वायर गळ्यात मारली, पिक्चर एकदम काच होईल म्हणून. साध्या वायरीने आणि सोनेरी वायरीने चित्रात तसूभर फरक पडला नाही. पण पिवळ्या वायरीऐवजी एचडीएमआय लावल्यावर पडला. कडा थरथरायच्या थांबल्या. ताईच्या शालूची जर पहिल्यांदा जर वाटली.

मग टीव्हीच्या आतल्या खोड्या. दुकानात गिऱ्हाईकाचे डोळे दिपावेत म्हणून टीव्ही भडक करून ठेवलेला असतो आणि घरी आल्यावर ते कुणी बदलत नाही. त्यात मामा नवरदेवापेक्षा जास्त हळद लागलेले दिसत होते. मी चित्र सिनेमाच्या साध्या रंगांवर आणलं. आई म्हणाली, रंग गेला. मी म्हटलं, रंग आला. मग धार, म्हणजे शार्पनेस, कमी केली. ही धार म्हणजे मोठी फसवणूक. ती वाढवली की प्रत्येक माणसाभोवती पांढरी रेघ उमटते आणि आपल्याला वाटतं स्पष्ट दिसतंय. डीव्हीडीत मुळात तपशील थोडाच असतो. नसलेला तपशील टीव्ही मनाने घालतो, आणि त्याचं मन काही फार चांगलं नसतं. धार पार खाली नेल्यावर चेहरे जरा मऊ झाले, पण चेहरे झाले.

मग ताण काढला. चित्र त्याच्या मूळ मापात आलं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या.

"पडदा वाया गेला की," आई म्हणाली.

"वाया नाही गेला. जेवढं शूटिंग केलं तेवढंच दाखवतोय."

"ताई किती बारीक व्हती गं," ती थोड्या वेळाने म्हणाली. मग चित्र सरळ असण्याला तिने विरोध केला नाही.

दुपारची वेळ होती. समोरच्या इमारतीच्या काचांवरून ऊन थेट पडद्यावर यायचं, म्हणून मी पडदे ओढले. आईला बंद खोली आवडत नाही. पण तिने चकती स्वतः लावली, मी सांगितलं होतं तशी आतून बाहेर पुसून, आणि माझ्याकडे असं बघितलं की बघ, पुसली.

सीमांतपूजनात अण्णा दिसले. पाट सरळ करत होते. कुणीतरी बांधलेला फेटा त्यांच्या कपाळावर उतरलेला. त्यांनी वर बघितलं, कॅमेरा दिसला आणि लगेच खाली बघितलं. एवढंच, पण नाकाच्या शेंड्यावरचा तीळसुद्धा दिसला. रिमोट घेऊन आईने ते तेवढंच मागे नेलं, पुन्हा बघितलं, पुन्हा मागे नेलं. मला मनातून फार समाधान वाटलं. एवढ्या खटपटीचं चीज झालं, असं वाटलं. तिथेच थांबायला हवं होतं की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण मला कुठे थांबवतं. टीव्हीच्या यादीत सगळ्यात शेवटी एक बटण राहिलं होतं, ओव्हरस्कॅनचं. माहितीपुस्तिकेत वाचलं ते असं, की जुन्या टीव्हींमध्ये चित्राच्या कडा नीट बसायच्या नाहीत, म्हणून चित्र मुद्दाम जरा मोठं करून चारही कडा चौकटीखाली दडवायचे. नव्या टीव्हींना त्याची गरज नाही. पण सवय म्हणून ते अजूनही कडा कापतात. बंद करा म्हटल्याशिवाय बंद करत नाहीत. इतकी वर्षं आपण प्रत्येक चित्र कडेने छाटलेलंच बघत आलो, हे वाचून माझ्यातली भूगोलाची बाई चांगलीच खवळली. मी ते बंद केलं. चित्र किंचित आत आल्यासारखं झालं, बाकी काही नाही. आईच्या तर लक्षातही आलं नाही.

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाट, मामा, कलश घेतलेली बावळट मी. भटजींच्या आवाजात मधूनच लाऊडस्पीकरची शिट्टी. पहिल्या सावधानला अक्षता उडाल्या आणि मी सवयीने डावीकडे, त्या चिकट बाहीकडे बघितलं.

बाहीला माणूस होता.

कडेला, अगदी कडेला, पण पुरता. कोपराच्या वर खांदा, खांद्यावर उपरणं, कपाळावर उतरलेला फेटा, आणि नाकावरचा तीळ. अण्णा उभे होते. मूठ छातीपुढे धरलेली. सगळा मांडव ताईकडे बघत होता आणि अण्णा तिकडे बघतच नव्हते. त्यांचं तोंड दुसरीकडे, चित्राच्या बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. दुसऱ्या सावधानला त्यांनी एकदा ताईकडे बघितलं, घाईने, चुलीवरचं दूध बघावं तसं, आणि मान पुन्हा तिकडे वळवली. मग उपरण्याचं टोक उचललं आणि डोळ्यांना लावलं. तेवढ्यात कॅमेरा नवरदेवाच्या बाजूला फिरला.

आईने रिमोट दाबला. कुठलं बटण दाबावं हे तिला सुचेना, चित्र पुढे पळालं, मग मागे आलं. मी रिमोट तिच्या हातातून घेतला आणि तो प्रसंग पुन्हा लावला. अण्णा पुन्हा उभे राहिले, आणि तिथेच मी चित्र थांबवलं.

मला रडू फुटलं, आणि ते दुःखाचं कमी आणि लाजेचं जास्त होतं. त्या दिवशी टीव्हीजवळ वाकलेले अण्णा मला दिसत होते, चष्मा वर केलेला. हा मीच असंन. माणसाला स्वतःच्या हाताची ओळख पटलेली होती, आणि आम्ही हसून त्याला गॅलरीत घालवलं.

"म्हणत व्हते ते," आई म्हणाली. "तिथंच व्हतो म्हणून."

"हो."

"हे बटण आत्ता निघालंय का? नवं?"

खोटं बोलता आलं असतं. हो, नवं आहे, याच टीव्हीला आहे, असं म्हटलं असतं तर ते अर्धं खरंही झालं असतं, कारण पोट सुटलेल्या त्या जुन्या टीव्हीला ते नव्हतंच. पण मधल्या काळात आम्ही आईअण्णांना भिंतीवरचा चपटा टीव्ही घेऊन दिला होता, आणि त्याला ते होतं. त्या टीव्हीसमोर अण्णा रोज संध्याकाळी बसायचे. आईने त्याच टीव्हीवर पाहुण्यांना ती डीव्हीडी दाखवली होती, आणि त्याच टीव्हीच्या शेजारच्या दाराने अण्णा गॅलरीत जात होते.

"जुनंच आहे," मी म्हटलं. "त्या टीव्हीला पण होतं."

"मग ते असताना का नाय दाबलं गं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. भाजीत मीठ का कमी पडलं विचारावं तसं तिने विचारलं. कुणीच दाबलं नाही, एवढंच खरं. आम्हाला कुणालाच असं वाटलं नाही की चित्राला आणखी बाजू असेल. जे चौकटीत दिसत होतं त्यावर आम्ही एका माणसाचा निकाल लावून मोकळ्या झालो होतो, आणि तो माणूस तर शेजारच्याच खुर्चीत बसून सांगत होता.

आई थांबवलेल्या चित्राकडे बघत राहिली. थांबवल्यावर ते पुन्हा अंधुक झालं होतं. डीव्हीडीचं चित्र हलतं असतं तोवरच जरा बरं दिसतं, थांबवलं की त्याची गरिबी उघडी पडते. तरी मान कुठे वळलेली आहे ते कळत होतं.

मला शाळेचं पटांगण आठवेना. गावाला जाणं कमी झालेलं. "ते तिकडे काय बघतायत?" मी विचारलं. "आचारी त्या बाजूला होते का?"

"आचारी पल्याड व्हते, हिरीकडं," आई म्हणाली.

"मग इकडे काय होतं?"

आईने पदर तोंडाला लावला. मग खाली घेतला, नीट मांडीवर ठेवला, चकती पुसायला घ्यावी तसा हातात धरला.

"पाचवीचा वर्ग," ती म्हणाली.

मी चित्र पुढे सोडलं नाही. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला, कुणीतरी जिना चढून वरच्या मजल्यावर गेलं. आई पडद्याकडे बघत होती, पण अण्णांकडे नाही. ते जिकडे बघत होते त्या बाजूच्या काळ्या पट्टीकडे बघत होती.

"मीच लावून घेतली व्हती ना गं खिडकी," ती म्हणाली.